एक दात जास्त

चहातली साखरसुद्धा मोजणाऱ्या शेठनी नव्या दातेरी चाकाचे दात दोनदा मोजले. “एकशे सव्वीस सांगितले होते, काका, तुम्ही एकशे सत्तावीस पाडलेत! नजर गेली तुमची. उद्यापासून फाटकावर बसा.” मिस्त्रीकाका मशीनकडे वळले. जुन्या, एकशे सव्वीस दातांच्या चाकाच्या एका दाताला निळा रंग फासून त्यांनी मशीन हातानं फिरवलं. समोरच्या छोट्या चाकाचा दरवेळी एकच दात निळा झाला. तोच वारंवार तुटायचा. मग नवं चाक चढवलं. आता रंग प्रत्येक फेरीला एकेक दात पुढे सरकला आणि छोट्याचे एकवीसच्या एकवीस दात निळे झाले. “एकशे सत्तावीस मूळ संख्या, शेठ, तिला कुणीच भागत नाही. त्यामुळे मार सगळे वाटून घेतात.” शेठनी तेही बोट लावून मोजले. “मशीन तुमचंच, काका. पण आधी का बोलला नाहीत?” “तुम्ही मोजलंत, विचारलं कुठं?”