बाजरीचा डबा

“वाजवा डबा, गुरुजी!” माळावरच्या बोरीखाली पाखरं धरायचे फासे मांडून माणिकराव म्हणाले. “जावई आलेत. तुमचे तित्तर आज रश्श्यात पडू द्या.”

थंडीभर रोज सकाळी मी डबा वाजवून तिथं बाजरी टाकायचो. तित्तरांना धीट केलं मीच. चार पुस्तकं वाचून पाखरं जगवायला निघालो आणि शिकाऱ्याची सोय करून बसलो. माणिकरावांना नाही म्हणायची हिंमत मला कधी झाली नव्हती.

डबा मी वाजवला नाही, तरी सवयीनं पाच तित्तर झुडपातून निघाले. मी डबाच त्यांच्या दिशेनं भिरकावला आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो. सगळे भर्रकन उडाले.

“डोकं फिरलं का, गुरुजी? आता तुमच्याकडे तरी येतील का परत?”

“नाही येणार,” मी म्हणालो आणि फासे उपटायला वाकलो.