पहिल्या दिवसाचा चेहरा

“नोकरी म्हणजे स्वतःला दावणीला बांधून घेणं,” नवरा म्हणाला. “आज तू मनाची राणी आहेस. पटलं तर काम घेतेस, नाही पटलं तर सरळ नाही म्हणतेस. हे सुख सोडून कुठे चाललीस?”

तिला हसू आलं. मनाची राणी! या राणीनं गेल्याच महिन्यात टूथपेस्टच्या खोक्यावरचा दात सात वेळा बदलून दिला होता. गिऱ्हाइकाला तो दात आणखी ‘आनंदी’ दिसायला हवा होता.

ती चित्रकार होती. घरातच खिडकीपाशी टेबल टाकून मिळेल ते काम करायची. मुलांची पुस्तकं, दुकानांच्या पाट्या, खोकी, काहीही. अधूनमधून पोलीस बोलवायचे. कुणीतरी गुन्हेगाराला ओझरतं पाहिलेलं असायचं. ते सांगतील तसा तिनं चेहरा काढायचा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता त्याच खात्यानं तिला कायमची नोकरी देऊ केली होती.

“रोज उठून चोरांची थोबाडं काढणार?” नवरा म्हणाला. “तुला सोसायचं नाही ते. झोप उडेल.”

“झोप तर हल्ली तुझीच उडालीय.”

“ऑफिसचा ताप, दुसरं काय! म्हणून तर सांगतोय, नोकरीत काही राम नाही.”

ऑफिसचा ताप तर होताच, हे तिला पटलं. औषधांच्या कंपनीत त्याचं काम फिरतीचं. दिवसभर गाडी दामटायची आणि वर साहेबांची बोलणी खायची. गेले काही दिवस तर तो घरी आला की नुसता बसून राहायचा. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला.

आईचा सूर नेमका उलटा. “जावईबापूंचं काय ऐकतेस?” ती फोनवर कडाडली. “आज काम आहे, उद्या नाही. आजारी पडलीस तर कोण विचारतंय? त्या दातवाल्याला सांगणार आहेस का, मला ताप आलाय म्हणून?”

दाताची गोष्ट आईला सांगून आपण चूक केली, हे तिला तेव्हाच कळलं.

पण तिनं ठरवलं ते आईच्या बोलण्यामुळे नाही. मागे एकदा तिनं काढलेल्या चित्रावरून पळवलेली एक मुलगी सापडली होती. तिची आई हिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली होती. दातासाठी आजवर कुणी गळ्यात पडलं नव्हतं.

सोमवारी ती निघाली, तेव्हा नवरा दारापर्यंत आला.

“अजून वेळ गेलेली नाही. विचार कर.”

“अरे, मी काय सातासमुद्रापार चाललेय?” तिनं चप्पल घालता घालता म्हटलं. तो हसला नाही.

ऑफिसात तिला भिंतीकडेचं टेबल मिळालं. एक खण जरा अडकत होता, पण तो तिचा होता. त्यात तिनं पेन्सिली नीट मांडल्या. एवढ्यात साहेब आले.

“बरं झालं आलात. एक काम तुमच्यासाठीच अडलंय.”

शेजारच्या खोलीत एक आजी बसल्या होत्या. रस्ता ओलांडताना त्यांच्या डोळ्यांदेखत आजोबांना गाडीनं उडवलं होतं. त्या धक्क्यानं आजींची वाचाच बसली होती. कालपासून कुठे त्या बोलायला लागल्या होत्या.

“तो लगेच पळाला नाही गं,” आजी म्हणाल्या. “खाली उतरला. ह्यांना उचलून कडेला निजवलं. पाणी पाजलं. म्हणाला, ‘आजी, इथंच थांबा, मी डॉक्टरला घेऊन येतो.’ मी थांबले. ह्यांचा हात धरून बसले. हात गार पडला, तरी मी आपली वाट बघत बसलेय.”

तिनं कागद पुढे ओढला. हळूहळू एकेक विचारत गेली. कपाळ? रुंद. भुवया? जाड, मधे जुळत आलेल्या. नाक? सरळ, टोकाशी किंचित वाकलेलं. डोळे? “चांगले होते गं,” आजी म्हणाल्या. “म्हणून तर विश्वास ठेवला.”

पेन्सिल भराभर चालत होती. ती एकदम थांबली. तिनं टोक काढायला घेतलं. टोक चांगलं अणकुचीदार होतं, तरी ती काढतच राहिली.

“बरं वाटत नाहीये का?” साहेबांनी विचारलं. “पहिलाच दिवस आहे. हवं तर हे काम बाहेरच्या कुणाला देतो. एक फ्रीलान्सवाला आहे ओळखीचा.”

नाही म्हणायची सोय अशी आपणहून समोर येऊन उभी राहिली होती. तिनं आजींकडे पाहिलं. त्यांनी आपलाच एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला होता.

“नको,” ती म्हणाली. “मीच काढते.”

पुढचं तिनं काहीच विचारलं नाही. ओठ काढले. हनुवटी काढली. हनुवटीवर डावीकडे एक बारीकसा व्रण काढला.

आजी पुढे वाकल्या. “अगं बाई! हा व्रण सांगायचा मी विसरलेच होते. तुला कसा कळला?”

तिनं कागद फिरवून आजींपुढे धरला.

आजींनी चेहऱ्यावर बोट टेकवलं. “हाच,” त्या म्हणाल्या. “हाच तो.”

“कमाल केलीत!” साहेबांनी चित्र उचललं. “आत्ताच सगळ्या ठाण्यांना पाठवतो. आठवड्याभरात नाव-गाव शोधून काढू.”

“कुठे पाठवायची गरज नाही.”

साहेब दारात थबकले. तिनं पर्समधून घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“माझा नवरा संध्याकाळी सहाला घरी येतो.”