फिकट ठिपके

"आले घाईवाले!" दार उघडता उघडता बाई म्हणाल्या. त्याचे केस पिकले, हाताखाली स्वतःचे विद्यार्थी आले, तरी बाईंकडे शिकताना पडलेलं हे नाव काही सुटलं नव्हतं. खरं तर ते ऐकायलाच तो आला होता.

खिडकीपाशी तोच लांब बाक होता. प्रयोगशाळा बदलली तेव्हा बाईंनी हट्टाने घरी आणलेला. त्याने पारदर्शक कागदावर मुद्दाम छापून आणलेलं क्ष-किरणांचं चित्र खिडकीच्या काचेवर चिकटवलं. काळ्या ठिपक्यांच्या सरळ रांगा उजेडात उठून दिसल्या.

"नवं संयुग आहे, बाई. धातूंचा थर, मग ऑक्सिजनचा, पुन्हा धातूंचा. धातूंचे सगळे थर एकसारखे. आज पेपर पाठवतोय. दुसरीकडेही कुणीतरी याच्याच मागे लागलंय."

"फिकट ठिपके?"

"नाहीत. थर वेगवेगळे असते, तर काळ्या ठिपक्यांच्या मधे दिसले असते."

"तू पाहिलंस, की यंत्राने?"

"यंत्राने," त्याने कबूल केलं. बाईंनी चाचपडत खणातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि चित्रावरून हळूहळू फिरवलं. पूर्वी या बाकावर दोघं दुपारच्या दुपार बसायचे. भिंग एक, डोकी दोन. फिकट ठिपका आधी कुणाला सापडतो यावर पैज लागायची आणि तो एकदाही जिंकला नव्हता. ते दिवस आठवले की त्याला अजून भरून येई.

"मला आता इतकं बारीक दिसत नाही," म्हणत त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं. "तू बघ बरं."

तो वाकला. दोन काळ्या ठिपक्यांच्या मधोमध धुळीचा कण होता. त्याने रुमालाने पुसला. गेला नाही. पुढच्या दोहोंमध्येही तसाच, त्याच्याही पुढे तसाच. फिकट ठिपकेच होते ते. थर एकसारखे नव्हतेच, एक सोडून एक थर किंचित सरकलेला होता. म्हणजे सगळी रचना पुन्हा मांडायची, आणि तोवर दुसरे बाजी मारणार.

बाई त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या. तो नाही म्हणाला असता, तर त्यांना कळलंही नसतं.

"आहेत, बाई. रांगच्या रांग आहे."

"मग आज जिंकलास की रे!" बाई खुदकन हसल्या आणि त्याला बसायला जागा करत बाकावर थोड्या सरकल्या. "भिंग आता तूच घेऊन जा."

त्याने ते पुन्हा खणात ठेवलं.

"इथेच राहू दे, बाई. उद्या येतो परत. आता कसली घाई नाही."