आईची रिंग
आई पलंगावर उताणी पडली होती, बेंबीवर मिठाच्या कोमट पाण्याची वाटी उपडी घालून. बेंबीत नवीकोरी रिंग होती. ती काढायचीच म्हणून लेक शेजारी बसली होती. “या वयात कसली गं थेरं? लालभडक झालंय! पिकलं म्हणजे?” “रोज फिरवली ना. तुझे कान टोचले तेव्हा अशीच फिरवायचे.” “म्हणूनच चिडलंय ते! काढते, भोक बुजू दे.” आई डोळे मिटूनच हसली. “तू पोटात होतीस तेव्हा बेंबी बटणासारखी बाहेर आलेली. मग तुझा भाऊ. पोट कायम तुमचंच होतं. आता जरा माझं असू दे.” पडद्यावर ऊन डुलत होतं. श्वासाबरोबर वाटी होडीसारखी वरखाली होत होती. हळूहळू खोलीही तरंगायला लागली. लेकीनं हात पुढे केला आणि वाटी अलगद धरली. “पाणी निवलं की सांग, दुसरं आणते.”