उतरंडीच्या तळाचा फळा

विटा गावातल्या संगणकवर्गाची आज शेवटची आवराआवर होती. पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवताना पाटणे सर सांगायचे, "आईची मडक्यांची उतरंड आठवा. जे शेवटी चढलं, ते आधी उतरतं. प्रोग्रॅम संपताना मेमरीतल्या वस्तूही तशाच उलट्या क्रमानं मोडायच्या." आज सर स्वतःचा वर्गही तसाच मोडत होते. मागाहून आलेला प्रोजेक्टर आधी गेला, मग संगणक, मग बाकं. भंगारवाल्याच्या टेम्पोत सगळं निमूट चढलं.

उरला सगळ्यांत आधी आलेला लाकडी फळा. तेव्हा वर्गात संगणकही नव्हता. सर फळ्यावरच कीबोर्ड काढायचे आणि पोरं खडूच्या कळांवर बोटं नाचवायची. तो मोडायला सरांनी हातोडा उगारला, पण हात खाली येईना.

"थांबा सर!" त्यांची जुनी विद्यार्थिनी रुक्साना धावत आत आली. ती आता गावाकडे मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवते. "तुम्हीच सांगायचात ना, प्रोग्रॅममधली वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन केली, की ती मोडायचं काम आपल्याकडे राहत नाही? फळा मला द्या."

"दिला. पण जुन्या मालकाकडे काय राहतं गं मग?"

"वस्तूचं नुसतं नाव. त्या नावाच्या आत काही नाही."

"बरोबर." सरांनी हातोडा खाली ठेवला. "म्हणजे आता मला त्यावर लिहिता यायचं नाही."

"का नाही? मी शिकवते त्या प्रोग्रॅमिंगच्या नव्या भाषेत मालकाला मालकी न सोडता वस्तू उसनी देता येते." रुक्सानानं फळ्याला खांदा लावला. "उद्या सकाळी या, तासभर देते. पण पुसून परत करायचा हं!"