प्रूइटसाहेबांचा घोडा

"शेरीफसाहेब, घोडा माझाच आहे हो. शिंगरू होता तेव्हापासून मी वाढवलाय!" गळ्यात फास पडला तरी एलिसेओचं पालुपद चालूच होतं.

"गप रे! प्रूइटसाहेब म्हणतात त्यांचा आहे, म्हणजे त्यांचाच," शेरीफ ग्रँबीने दटावलं. त्याला जेवणाआधी उरकायचं होतं. टेक्सासात घोडेचोराला खटला कसला? त्याच घोड्यावर बसवायचं, दोर फांदीला बांधायचा आणि खालून घोडा पळवायचा.

शेरीफने चाबूक ओढला. घोडा हलला नाही. प्रूइटसाहेबांनी हाका मारल्या, शिट्ट्या वाजवल्या, शिव्या हासडल्या. घोडा ढिम्म.

उन्हात घामाघूम झालेला शेरीफ शेवटी एलिसेओवरच खेकसला,

"बघतोस काय लेका? तूच हाक ना त्याला! दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही तो!"