पुढचा पाय

माहगोलने आपले स्कीचे बूट माझ्या बूटदुरुस्तीच्या दुकानात टेबलावर ठेवले. "उस्ताद, हे स्नोबोर्डवर चालतील असे कापून द्या. पण दिसायला स्कीचेच दिसू देत. आईला कळलं तर जीव घेईल माझा."

दोन हिवाळ्यांपूर्वी तिचा भाऊ बर्दिया स्नोबोर्डवर असतानाच हिमलोटात गेला. तेव्हापासून त्यांच्या घरात स्नोबोर्डचं नावही निघत नाही, हे अख्ख्या शेमशक गावाला ठाऊक आहे. मी नाहीच म्हणायला हवं होतं. पण मग ही पोरगी तशीच, न कापलेल्या बुटांनी वर गेली असती.

जो पाय पुढे ठेवायचा, त्याचा बूट घोट्यापाशी जास्त कापावा लागतो. आपला पुढचा पाय कोणता, हे तिला माहीतच नव्हतं. मी तिला पाय जुळवून पुढे झुकायला सांगितलं. तोल जाताना डावा पाय आधी पडला, म्हणून मी डावा जास्त कापला.

सुट्टीचे तीन शुक्रवार गेले. शनिवारी सकाळी तिच्या आई, मेहरी खानुम, दुकानात आल्या आणि त्यांनी तेच बूट पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. मी खुर्चीतून उठलो.

"खानुम, माझं चुकलं..."

"चुकलंच. तीन शुक्रवार मी खाली गाडीत बसून बघतेय. सारखी पडतेय पोर."

त्यांनी उजवा बूट माझ्याकडे सरकवला.


"हा कापा. बर्दियाचाही उजवाच पाय पुढे असायचा."